रेझिनचा ड्राइव्हवे का बिघडतो आणि तो बिघडू नये म्हणून काय करावे

ब्रिटनमध्ये घरापुढच्या गाडी लावण्याच्या जागेवर, म्हणजे ड्राइव्हवेवर, रेझिनमध्ये, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटवून घट्ट होणाऱ्या रसायनात, कालवलेल्या बारीक खडीचा थर देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. लंडनच्या आसपास आणि इतर शहरांत घरे घेतलेली मराठी कुटुंबेही जुने उखडलेले डांबर किंवा खचलेले ब्लॉक काढून हाच पर्याय निवडताना दिसतात, कारण तो दिसायला सुबक असतो, त्यावरची खडी पायाखाली सरकत नाही आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपून जाते. खर्च मात्र काही हजार पौंडांच्या घरात जातो. एवढा खर्च करूनही दोन हिवाळे सरेपर्यंत कुठे तडा गेला, कुठे खडी सुटू लागली, कुठे पांढरट डाग उमटले, अशा तक्रारी सुरू झाल्या, तर दोष रेझिनला दिला जातो. बहुतेक वेळा तो दोष रेझिनचा नसतो.

वर दिसणारा थर जेमतेम १८ मिलिमीटरचा असतो. त्याचे आयुष्य दोन गोष्टींवर ठरते: त्याच्या खाली काय आहे, आणि तो घातला त्या दिवशी खडीत, पायावर आणि हवेत किती ओल होती. घरमालकाचा वेळ मात्र खडीचा रंग निवडण्यात जातो आणि या दोन्ही गोष्टी कंत्राटदाराच्या भरवशावर सोडल्या जातात. म्हणूनच या लेखात रंगांविषयी थोडे आणि पायाविषयी बरेच लिहिले आहे.

आधी आपण काय विकत घेत आहोत ते पाहावे

रेझिनच्या नावाखाली दोन वेगळी कामे विकली जातात आणि त्यांची नावे इतकी सारखी आहेत की कोटेशन वाचताना घोटाळा होणे साहजिक आहे. रेझिन बाउंड पद्धतीत खडी आणि रेझिन मिक्सरमध्ये एकत्र कालवून तो माल पायावर पसरतात आणि थापीने दाबून सपाट करतात. प्रत्येक दाण्याला रेझिनचे आवरण बसते, दाण्यांच्या मध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी खाली जाते. रेझिन बाँडेड पद्धतीत आधी पायावर रेझिन पसरवून वरून खडी भुरभुरतात, त्यामुळे खडी केवळ खालच्या बाजूने चिकटलेली असते आणि रेझिनचा सलग पापुद्रा पाणी अडवतो. बाँडेड काम स्वस्त पडते, पण त्यावरची खडी सुटत राहणे हा त्या पद्धतीचा स्वभावच आहे, आणि नंतर त्याची तक्रार करून उपयोग होत नाही. कोटेशनवर यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे, थराची जाडी किती आहे आणि पाया कसला आहे, या तीन गोष्टी स्पष्ट नसतील तर ते कोटेशन अपुरे समजावे.

या भेदाला कायद्याचीही बाजू आहे. २००७ च्या उन्हाळ्यातील मोठ्या पुरांनंतर इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून असा नियम लागू झाला की घरासमोरच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाणी न झिरपणारे आच्छादन घालायचे असेल आणि त्यावरचे पाणी बागेच्या मातीत किंवा वाफ्यात वळवलेले नसेल, तर नियोजन परवानगी घ्यावी लागते. झिरपणाऱ्या आच्छादनाला ती लागत नाही. रेझिन बाउंड पद्धतीचा प्रसार होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. परंतु वरचा थर झिरपणारा आणि खालचा पाया पाणी अडवणारा असेल तर पाणी १८ मिलिमीटर खाली जाऊन तिथेच थांबते. असा ड्राइव्हवे नियमाचा हेतूही साधत नाही आणि स्वतःही फार टिकत नाही.

पाया

तडे, खचलेले खड्डे आणि साचणारी डबकी या तिन्ही तक्रारींचे मूळ जवळजवळ नेहमी पायात असते. रेझिनचा थर थोडाफार लवचीक असतो, पण त्याला स्वतःची भार पेलण्याची ताकद नसते. खालचा पाया हलला की तो त्याच्याबरोबर हलतो, आणि पायाला तडा गेला की तोच तडा काही महिन्यांत जसाच्या तसा वर उमटतो. अशा तड्यावर वरून रेझिन भरणे ही निव्वळ मलमपट्टी असते, कारण पुढच्या हिवाळ्यात तो त्याच जागी पुन्हा उघडतो.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या मोठ्या भागात जमिनीखाली चिकणमाती आहे. ज्यांनी मराठवाड्यात किंवा विदर्भात काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंती उन्हाळ्यात तडकताना पाहिल्या आहेत, त्यांना या मातीचे वागणे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. २०२२ सारख्या कोरड्या उन्हाळ्यात हे आक्रसणे जास्त होते, आणि जवळ मोठे झाड असेल तर त्याची मुळे मातीतले पाणी ओढून त्यात भर घालतात. अशा जमिनीवर वरची माती पुरेशी खोल खणून काढणे, तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरणे आणि त्यावर खडीचा भराव जाड घेणे आवश्यक असते. चांगल्या, घट्ट जमिनीवर भरावाची १५० मिलिमीटर जाडी पुरते. चिकणमातीवर ती २०० ते २५० मिलिमीटर ठेवणे शहाणपणाचे ठरते. कापडाचे काम एवढेच की खडी मातीत रुतू नये आणि माती खडीत वर चढू नये. ते वगळले तर भराव हळूहळू मातीत बुडत जातो आणि चाकांच्या रेषेत खळगे पडतात.

भरावाला कोणती खडी वापरली आहे, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ब्रिटनमध्ये नेहमीच्या कामांसाठी एमओटी टाइप १ नावाची खडी मिळते. तिच्यात मोठ्या दगडांपासून भुकटीपर्यंत सर्व आकार असतात, त्यामुळे रोलर फिरवल्यावर ती छान घट्ट बसते, पण त्याच भुकटीमुळे तिच्यातून पाणी नीट उतरत नाही. टाइप ३ खडीत भुकटी कमी असते, दगडांमध्ये पोकळी राहते आणि पाणी खाली जाते. पाणी झिरपणारा ड्राइव्हवे हवा असेल तर टाइप ३ हीच योग्य खडी होय. ती थोडी महाग पडते आणि अनेक कंत्राटदार आपल्याला सवयीची म्हणून टाइप १ आणून टाकतात, म्हणून खडीचा हा प्रकार कोटेशनमध्ये नावानिशी लिहून घ्यावा आणि माल आल्यावर एकदा मूठभर हातात घेऊन पाहावा. तळहाताला भुकटीचा जाड लेप लागला तर ती टाइप ३ नव्हे. कोणतीही खडी एकदम ओतून वरवर दाबण्यात अर्थ नसतो. ती थराथराने टाकून प्रत्येक थरावर कंपन देणारी प्लेट किंवा रोलर फिरवावा लागतो.

भरावावर डांबरी थर येतो, आणि रेझिन बाउंड थरासाठी मला हाच पाया सर्वांत योग्य वाटतो. तो उघड्या पोताचा, म्हणजे कमी भुकटीचा असावा लागतो. ब्रिटनमधील व्यवहारात त्याला एसी १४ ओपन किंवा एसी २० ओपन म्हणतात. घरगुती ड्राइव्हवेसाठी तो ५० ते ७० मिलिमीटर जाड असावा. हा थर पडल्यावर घरमालकाने करण्याजोगी एक साधी चाचणी आहे: त्यावर बादलीभर पाणी ओतून पाहावे. उघड्या पोताच्या डांबरात पाणी डोळ्यांदेखत आत उतरते आणि काळ्या दाण्यांच्या फटी लगेच पुन्हा दिसू लागतात. पाणी पसरून उताराच्या दिशेने वाहत गेले किंवा चकाकत थांबून राहिले, तर तो पाया बंद पोताचा आहे आणि रेझिन घालण्यापूर्वी हा प्रश्न सोडवला पाहिजे. ही चाचणी अर्थात रेझिन घालण्याच्या काही दिवस आधी करावी, म्हणजे पायाला पुन्हा पूर्ण सुकायला वेळ मिळेल. नव्या डांबरावर तेलकटपणा असतो, म्हणून त्याला काही दिवस उघडे ठेवूनच पुढचे काम करतात. सकाळी डांबर आणि दुपारी रेझिन असे वेळापत्रक कुणी देत असेल तर ते मान्य करू नये.

जुना काँक्रीटचा पाया असेल तर तो वापरता येतो, पण त्याच्या अटी आहेत. काँक्रीट नवे असेल तर २८ दिवस थांबावे लागते, वरचा गुळगुळीत पापुद्रा घासून काढावा लागतो आणि रेझिन धरून राहावे म्हणून प्रायमर लावावा लागतो. काँक्रीटमधील सांधे वरच्या थरातही तसेच वर आणावे लागतात. ते झाकून टाकले तर वरच्या थराला नेमका त्याच रेषेत तडा जातो. शिवाय काँक्रीटमधून पाणी झिरपत नाही, त्यामुळे उतार आणि निचऱ्याची नाली यांची सोय वेगळी करावी लागते. पेव्हर ब्लॉक, लाद्या किंवा नुसती सैल खडी यांच्यावर रेझिनचा थर घालू नये. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्रपणे हलतो आणि ती सगळी हालचाल वरच्या थरात भेगांच्या जाळ्याच्या रूपाने दिसू लागते. जुने डांबर शाबूत, घट्ट आणि न खचलेले असेल तर त्यावर थर देता येतो, मात्र ते पाणी सोडते की अडवते हे आधी तपासून त्यानुसार निचरा ठरवावा.

ओल, दव आणि हवामान

बांधकामातील दोषांपैकी सर्वांत अन्यायकारक वाटावा असा दोष ओलीमुळे येतो, कारण बाकी सगळे नीट केलेले असतानाही एका चुकीच्या दिवसामुळे काम वाया जाते. या कामात वापरले जाणारे पॉलियुरेथेन रेझिन पाण्याशी रासायनिक क्रिया करते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. खडी दमट असेल, पायावर दव असेल किंवा माल घट्ट होण्यापूर्वी पावसाची सर आली, तर हा वायू रेझिनला फेस आणतो. जवळून पाहिले तर दाण्यांच्या मधल्या फटींत साबणाच्या फेसासारखे बारीक, दुधाळ बुडबुडे थिजलेले दिसतात. लांबून तो भाग पांढरट, विटका वाटतो. हा डाग धुऊन किंवा घासून जात नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे फेसाळलेल्या रेझिनची पकड कमजोर असल्यामुळे काही महिन्यांत तिथली खडी सुटू लागते. तेवढा भाग कापून नव्याने भरणे हाच त्यावर उपाय उरतो.

त्यामुळे या कामासाठी भट्टीत वाळवलेली, बंद पिशव्यांतून येणारी खडीच वापरतात, आणि त्या पिशव्या रात्रभर उघड्यावर ठेवणे चूक आहे. फाटलेल्या पिशवीतील खडी कोरडी वाटली तरी वापरू देऊ नये. पायाच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सियसने जास्त असावे, हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी आणि तापमान ५ अंशांपेक्षा कमी नसावे, असा या कामाचा सर्वसाधारण नियम आहे. दवबिंदू मोजणारे छोटे यंत्र चांगल्या कंत्राटदाराजवळ असतेच. ते काढून मोजमाप करणारा माणूस आणि आकाशाकडे पाहून अंदाज सांगणारा माणूस, यांच्यातला फरक घरमालकाने ओळखावा.

ब्रिटनच्या हवामानात एप्रिल ते सप्टेंबर हा या कामाचा चांगला काळ. ऑक्टोबरातही काम होते, पण तेव्हा सकाळचे दव उशिरा सुकते आणि दुपार कलली की पुन्हा पडू लागते, त्यामुळे हाताशी मोजके तास उरतात. अशा दिवशी संध्याकाळी चारनंतर माल कालवणे सुरू असेल तर ते थांबवायला सांगण्यात संकोच करू नये. कंत्राटदाराने हवामान पाहून तारीख पुढे ढकलली तर राग मानू नये. उलट, दिवाळीला पाहुणे येणार आहेत म्हणून अमुक तारखेच्या आत काम उरका, असा आग्रह आपणच धरला तर तो आपल्याच अंगाशी येतो. फार उन्हाच्या दिवशी वेगळी अडचण असते: तापलेल्या पायावर रेझिन इतक्या लवकर घट्ट होऊ लागते की माल नीट दाबण्यापूर्वीच हाताबाहेर जातो आणि थापीचे वळ उमटून राहतात. अशा दिवशी सकाळी लवकर काम उरकतात.

रेझिन, खडी आणि माल कालवणे

रेझिन दोन प्रकारचे येते. स्वस्त प्रकार सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी काही महिन्यांतच पिवळसर-तपकिरी पडतो, आणि फिकट खडी निवडलेली असेल तर संपूर्ण ड्राइव्हवेला चहाचा रंग चढल्यासारखे दिसते. महाग प्रकार, ज्याला अ‍ॅलिफॅटिक किंवा यूव्ही स्टेबल म्हणतात, आपला रंग टिकवतो. काही कंत्राटदार काळपट खडीसोबत स्वस्त रेझिन चालते असे सांगतात आणि रंगापुरते ते काहीसे खरेही आहे, तरी मी तिथेही यूव्ही स्टेबल प्रकारच सुचवीन, कारण एकूण खर्चाच्या मानाने दोहोंमधला फरक मोठा नसतो आणि जो घटक खडीला धरून ठेवतो त्याच्या बाबतीत हात आखडता घेण्यात शहाणपणा नाही.

खडीच्या रंगाविषयी एकच इशारा पुरे. काही नैसर्गिक खडीत लोहाचे अंश असतात आणि पावसाळी हवेत त्यांच्यावर गंजाचे तांबूस ठिपके येतात. पुरवठादाराला हा प्रश्न थेट विचारावा, आणि पांढरी किंवा दुधाळ खडी निवडण्यापूर्वी दोन-तीन वर्षे वापरात असलेला त्याच खडीचा ड्राइव्हवे प्रत्यक्ष जाऊन पाहावा, कारण टायरचे काळे पट्टे आणि गंजाचे ठिपके छोट्या नमुन्याच्या तुकड्यावर कधीच दिसत नाहीत.

मालाचे प्रमाण साधारणपणे १०० किलो खडीला ७ किलोच्या आसपास रेझिन असे असते; नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात दिलेला असतो. रेझिन कमी पडले तर दाण्यांची पकड सैल राहते, जास्त झाले तर ते खाली निथळून फटी बंद करते आणि झिरपणे थांबते. कालवण्यासाठी उभ्या पात्यांचा, तव्यासारख्या पसरट भांड्याचा मिक्सर लागतो. सिमेंटसाठी वापरला जाणारा फिरत्या पिंपाचा मिक्सर या कामाला चालत नाही, कारण त्यात प्रत्येक दाण्याला सारखे आवरण बसत नाही. मालाचा प्रत्येक घाणा घड्याळ लावून तेवढाच वेळ कालवला पाहिजे आणि त्याच क्रमाने ओतला पाहिजे. एक घाणा दोन मिनिटे आणि दुसरा चार मिनिटे फिरवला, तर सुकल्यावर ड्राइव्हवेवर फिक्या-गडद रंगाचे ठिगळ शेजारी शेजारी दिसतात. थापीला माल चिकटू नये म्हणून ती अधूनमधून सॉल्व्हंटने, म्हणजे रेझिन विरघळवणाऱ्या द्रवाने, पुसतात. ते बेताने वापरले तर ठीक, पण ओली निथळती थापी फिरवत राहिले तर वरच्या दाण्यांवरचे रेझिन पातळ होते आणि पुढे नेमके तेच दाणे सुटतात.

घरमालकाला मिक्सरपाशी उभे राहून हे सगळे पाहणे शक्य नसते. त्याला पिशव्या मात्र मोजता येतात, आणि या मोजणीतून थराची जाडी जवळपास अचूक कळते. ४० चौरस मीटरच्या ड्राइव्हवेला १८ मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा असेल तर सुमारे १.२ टन खडी लागते, म्हणजे २५ किलोच्या अंदाजे ४८ पिशव्या. काम संपल्यावर रिकाम्या पिशव्या ३०-३२ भरल्या, तर थर १२ मिलिमीटरचाच पडला आहे असे समजावे. १२ ते १५ मिलिमीटरची जाडी केवळ पायी चालण्याच्या वाटेला पुरते. गाडीखाली ती काही काळाने दगा देते. २ ते ५ किंवा ६ मिलिमीटर आकाराच्या खडीचा १८ मिलिमीटर थर हे घरगुती गाडीसाठी योग्य माप आहे, आणि जड व्हॅन नेहमी येत असेल तर त्याहून जाड थर घ्यावा.

कडा, उतार आणि झाकणे

थराची कडा मोकळी सोडली की गाडीचे चाक तिथून जाताना दाणे एकेक करून बाहेर ढकलले जातात. म्हणून चारही बाजूंना काँक्रीटमध्ये बसवलेले दगडी किंवा विटांचे ब्लॉक, अथवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असावी आणि थर तिच्याशी समपातळीत संपावा. काम एका दिवसात संपणारे नसेल तर दोन दिवसांच्या मालाचा जोडही अशाच एखाद्या पट्टीपाशी घ्यावा. मधोमध घेतलेला जोड कितीही कुशलतेने केला तरी दिसतो.

नव्या थराचा पृष्ठभाग घराच्या भिंतीतील ओलरोधक थरापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली राहिला पाहिजे. जुन्या डांबरावर नवा थर चढवताना हे अंतर हमखास कमी होते आणि दोन-तीन वर्षांनी घरात भिंतीला ओल चढते, तेव्हा ड्राइव्हवेशी तिचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. झिरपणाऱ्या थरालाही घरापासून दूर जाणारा हलका उतार ठेवावा, कारण काही वर्षांनी फटी थोड्या बुजतातच आणि तेव्हा हा उतार कामी येतो. तीव्र उताराच्या ड्राइव्हवेवर मात्र निसरडेपणाचा विचार हवा. काम ओले असतानाच वरून बारीक काचेचे कण भुरभुरल्यास पकड वाढते. ब्रिटनमध्ये घसरणीची चाचणी लंबकाच्या यंत्राने करतात, आणि ओल्या पृष्ठभागाचा आकडा ३६ किंवा त्याहून जास्त आल्यास घसरण्याचा धोका कमी समजला जातो. उत्पादकाकडून हा आकडा मागून घ्यावा. ड्रेनेजच्या झाकणांसाठी खोलगट, आत माल भरता येईल अशी झाकणे आधीच आणून ठेवावीत.

वापर आणि निगा

थर घातल्यावर साधारण तापमानात त्याच दिवशी संध्याकाळी जपून चालता येते आणि २४ तासांनी गाडी आणता येते, पण थंडीत हा अवधी वाढतो, म्हणून दोन-तीन दिवस गाडी रस्त्यावर ठेवण्याची तयारी असावी. त्यानंतरही खडी सुटण्याचे सर्वांत मोठे कारण असते ते जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवणे. गाडी थांबलेली असताना चाक वळवले की एक-दीड टनाच्या गाडीचे वजन टायरच्या तळहाताएवढ्या भागातून दाण्यांना पिरगळते. गाडी किंचित पुढे-मागे चालू ठेवून वळवली तर हा ताण जवळजवळ नाहीसा होतो. घरातल्या प्रत्येक चालकाला हे सांगून ठेवावे. टायर बदलताना जॅकखाली प्लायवुडचा तुकडा ठेवावा.

सुरुवातीच्या आठवड्यांत काही सुटे दाणे निघणे स्वाभाविक आहे. एकाच जागी मूठभर दाणे सतत निघत असतील आणि तिथे बोटाने खरवडल्यावर आणखी निघत असतील, तर तो मालातला दोष आहे. त्याचा तारखेसह फोटो काढून लगेच कळवावे.

रेझिनखालून तण उगवते हा समज चुकीचा आहे. नीट केलेल्या पायातून ते सहसा वर येत नाही. वाऱ्याने आलेली माती फटींत साचते, तिच्यात बी पडते आणि तिथे शेवाळ आणि गवत धरते. सावलीतल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या ड्राइव्हवेवर हे लवकर होते. शरद ऋतूत पाने कुजण्यापूर्वी आठवड्यातून एकदा कडक झाडूने झाडणे, एवढा उपाय पुष्कळ असतो. फटी बुजल्या की पाणी वरच थांबते, हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावत असल्याने ते दाणे आतून ढिले करते. वर्षातून एक-दोनदा पाण्याच्या दाबाने धुवावे, मात्र दाब १५० बारच्या आत आणि नळीचे तोंड पृष्ठभागापासून किमान २० सेंटिमीटर दूर असावे. बर्फ काढायला प्लास्टिकचे फावडे वापरावे, लोखंडी नको.

इंजिन ऑइल किंवा पेट्रोल सांडले तर ताबडतोब टिपून घेऊन साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे, कारण पेट्रोल आणि पेंट थिनर फार वेळ राहिले तर रेझिन मऊ पडते. आपल्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. रांगोळीची भुकटी सच्छिद्र थराच्या फटींत उतरते आणि दारापुढे नेमक्या त्याच जागी दरवर्षी पाणी साचू लागते. पणतीतले सांडलेले तेल दाण्यांच्या खाली मुरते आणि त्यावर धूळ धरून काळा डाग पडतो. रांगोळी उंबऱ्याजवळच्या फरशीवर किंवा एखाद्या पाटावर काढावी आणि पणत्या ताटलीत ठेवाव्यात. होळीचा कोरडा रंग खेळला तर त्याच दिवशी, पाणी ओतण्यापूर्वी, तो झाडून घ्यावा.

करार आणि दुरुस्ती

दारावर येऊन जवळच दुसरे काम चालू आहे, माल उरला आहे, आजच ठरवलेत तर स्वस्तात करून देतो, असे सांगणाऱ्याकडून हे काम कधीही करून घेऊ नये. घरी बसून केलेल्या करारातून बाहेर पडण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१३ च्या ग्राहक करार नियमांनुसार सर्वसाधारणपणे १४ दिवसांची मुदत मिळते, आणि काम योग्य काळजीने व कौशल्याने झाले पाहिजे हा हक्क २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दिलेला आहे. शक्य असल्यास आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने द्यावी. कामाची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर रकमेचा काही भाग जरी कार्डाने दिलेला असला तरी १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. कंत्राटदाराच्या हमीपत्रात वरच्या थराबरोबर पायाचाही उल्लेख आहे का, हे वाचून पाहावे. अनेक हमीपत्रे पायाच्या हालचालीमुळे पडलेले तडे सरळ वगळतात. पाया आणि वरचा थर वेगवेगळ्या लोकांकडून करून घेतले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून दोन्हींची जबाबदारी एकाकडेच द्यावी. शेवटचा हप्ता चांगला पाऊस पडून गेल्यावर आणि पाणी कुठे साचत नाही हे पाहिल्यावरच द्यावा, असे कराराच्या वेळीच लिहून घ्यावे.

दुरुस्तीची वेळ आलीच तर बिघडलेला भाग चौकोनी कापून, पायापर्यंत मोकळा करून, पूर्ण वाळवून भरावा लागतो. ठिगळाचा रंग जुन्या थराशी तंतोतंत जुळत नाही, कारण खाणीतली खडी दरवर्षी थोडी बदलते आणि जुना थर ऊनपावसाने विटलेला असतो. म्हणून मूळ काम चालू असतानाच त्याच खेपेच्या खडीच्या दोन बंद पिशव्या मागून घ्याव्यात, त्या गॅरेजमध्ये कोरड्या जागी लाकडी फळीवर ठेवाव्यात, आणि रेझिनचे नाव, खडीचे मिश्रण व खेपेचा क्रमांक एका कागदावर लिहून तो बिलासोबत जपून ठेवावा.